मोडीत निघालेलं, मोडीत सापडलेलं

गेल्या मे महिन्यात मी चेन्नईला, पुरसवाक्कमला माझ्या भावाकडे, अण्णांकडे राहिले होते. दुपारी घराबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. अण्णांची नात, वय वर्षं अकरा, टॅब घेऊन गार फरशीवर पालथी पडलेली असायची. तिच्या पडद्यावर रशियातलं एक पडकं घर होतं. खिडकीबाहेर बर्फ, टेबलावर समोवार, एकीच्या पोटात दुसरी अशा लाकडी बाहुल्या, कोपऱ्यात काळवंडलेली येशूची तसबीर. घराण्यातली शेवटची मुलगी कैक वर्षांनी तिथे परत आली आहे आणि आपल्या पणजोबांचं काय झालं ते तिला शोधायचं आहे, अशी गोष्ट. ती पुढे सरकवायची तर प्रत्येक खोलीच्या पसाऱ्यात लपलेल्या वस्तू हुडकायच्या: किल्ली, चष्मा, फाटक्या पत्राचे तुकडे.

मी विचारलं, "पण इतक्या पसाऱ्यात किल्लीच शोधायची हे तुला कसं कळतं?"

मान वर न करता ती म्हणाली, "आजी, खाली यादी असते ना. यादीत आहे तेवढंच शोधायचं. बाकी सगळा कचरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एग्मोरला गेले. तिथल्या दप्तरखान्यात माझंही एका घराण्याचं शोधकाम चालू होतं, आणि माझ्या खेळात खाली यादी नव्हती.

मी जन्मानं कुंभकोणमची, लग्नानं पुण्याची. आम्ही तंजावरी मराठी. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरात गादी स्थापन केली, तेव्हा आणि त्यानंतर जे कारकून, शिलेदार, शास्त्री, आचारी कावेरीकाठी उतरले, त्यांची आम्ही पोरंबाळं. घरात मराठी, दारात तमिळ. पुण्यात आल्यावर माझ्या बोलण्याला सासरचे वर्षभर हसत होते. आमच्या पिठल्याचं तिकडे 'पिटलै' झालं आणि कोशिंबिरीचं 'कोसुमल्ली'; ते पदार्थ तमिळ घरांनी आपलेसे केले, इतके की आता परत मागायची सोय नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही वाटेत सांडली, ती म्हणजे आडनाव. तमिळ मुलखात माणसाच्या नावाआधी गावाचं किंवा वडलांचं आद्याक्षर येतं आणि मराठी माणसाच्या नावामागे नुसतं 'राव' उरतं. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव हे आमच्याच कुंभकोणमचे, १८२८ साली जन्मलेले. त्यांच्या नावातला 'टी' म्हणजे तंजावर. आमच्या घरी तेच. अप्पांचं, म्हणजे वडलांचं नाव, त्याआधी 'के', शेवटी 'राव'. साताऱ्याकडून आलो की पैठणकडून, मूळ आडनाव काय, कुणाला ठाऊक नव्हतं.

ठाऊक होती ती एक ऐकीव गोष्ट आणि एक कागद. गोष्ट अशी की आमचे कुणी पूर्वज तंजावरच्या सरफोजीराजांच्या अमलात ओरत्तनाडच्या अन्नछत्रात कोठीवर होते. कागद होता हातभर लांब, पिवळा पडलेला, मोडीत लिहिलेला. तो देवघरात असायचा. दसऱ्याला आजी त्याला हळदकुंकू वाहायची. मोडी वाचता येणारं माणूस घरात शेवटचं कधी होतं हे तिलाही आठवत नव्हतं, म्हणून तो मंत्र असणार असं ठरून गेलं होतं. आजीमागे अप्पांनी आणि अप्पांमागे अण्णांनी तो सांभाळला. अण्णांनी जरा जास्तच सांभाळला. झिजू नये म्हणून बाजारातल्या एका दुकानात नेऊन त्याला लॅमिनेशन करून घेतलं. त्या उष्णतेनं शाई आणखी फिकटली आणि घड्यांवरची अक्षरं कायमची चपटून गेली.

पुण्यात निवृत्त झाल्यावर मी भारत इतिहास संशोधक मंडळाच्या मोडी वर्गाला बसले ती या कागदासाठी. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लोंबकळत न्यायची, असं मोडीचं लेखन. शब्दाशब्दांत जागा नाही, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाही. लिहिणाऱ्याची घाई वाचणाऱ्याच्या डोक्यावर बसते. सहा महिन्यांत मला पुणे दरबारचं वळण बऱ्यापैकी लागू लागलं. घरचा कागद पुढे घेतला तर पहिल्या ओळीतले दोन शब्द सुटले आणि पुढे सगळा चिखल. वर्गातल्या एका जाणकारांनी कागद बघून सांगितलं, "हे दक्षिणेचं वळण आहे. त्याच हातचे दुसरे कागद भरपूर वाचा, मग हा आपोआप बोलेल." दक्षिणेचे कागद कुठे? त्यांनी तीन ठिकाणं सांगितली: तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय, तिथलंच तमिळ विद्यापीठ आणि चेन्नईतलं एग्मोर.

एग्मोर म्हटल्यावर मला हसू आलं.

आम्हा तंजावरकडच्या लोकांना मद्रास म्हणजे एग्मोरच. तमिळमध्ये एळुंबूर. १६९३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं जी खेडी आपल्या पदरात पाडून घेतली त्यांत हे एक होतं. पुरसवाक्कमही त्याच सनदेतलं. उत्तरेकडच्या गाड्या सेंट्रलला लागायच्या आणि दक्षिणेकडच्या, मीटरगेजच्या, एग्मोरला. १९०८ च्या जूनमध्ये उघडलेलं हे स्टेशन. आराखडा हेन्री आयर्विनचा, बांधणी सामीनाथ पिल्लै या कंत्राटदाराची. लाल भिंती, पांढऱ्या कमानी, वर घुमट. दक्षिण टोकाला धनुष्कोडीपर्यंत जाऊन पुढे सिलोनची बोट गाठून देणारी बोट मेल इथूनच सुटायची. कुंभकोणमहून रात्रभर धूर खात आम्ही पहाटे इथे उतरत असू. अप्पा ट्रंक हमालाच्या डोक्यावर देत, आम्ही डोळे चोळत बाहेर येत असू, आणि समोर रस्त्यापलीकडे झाडांच्या आड आणखी एक लाल इमारत दिसत असे. ती कसली, हे मी लहानपणी कधी विचारलं नाही. अप्पांनीही कधी सांगितलं नाही. त्यांनाही ठाऊक नसावं. ज्या कागदांत आमचे पूर्वज होते, त्या कागदांच्या समोरून आम्ही वर्षातून दोनदा, हातात ट्रंक आणि फिरकीचा तांब्या घेऊन, रिक्षाचं भाडं ठरवत पुढे गेलो.

ती इमारत म्हणजे मद्रास रेकॉर्ड ऑफिस, १९७३ पासून तमिळनाडू पुराभिलेखागार. याचं मूळ १८०५ सालचं. गव्हर्नर लॉर्ड विल्यम बेंटिंकनं सचिवालयातले विखुरलेले कागद एका जागी आणायचा हुकूम काढला तिथून या दप्तराची सुरुवात झाली. पुढे सचिवालयाच्या किल्ल्यात जागा पुरेना, म्हणून एग्मोरला स्वतंत्र इमारत उभी राहिली आणि १९०९ मध्ये दप्तर तिथे नांदू लागलं. दोनच वर्षांत हेन्री डॉडवेल हा इतिहासाचा अभ्यासक त्याचा क्युरेटर झाला. सगळ्यांत जुना कागद १६७० चा. बहुतेक दप्तर इंग्रजी. पण डच, डॅनिश, फारसी आणि मराठीही आहे. डॅनिश कशाला, तर तरंगंबाडीला डेन्मार्कच्या लोकांची वखार होती. १६२० मध्ये तंजावरच्या नायकांनी ती जागा दिली आणि १८४५ मध्ये डेन्मार्कनं ती इंग्रजांना विकून टाकली.

पहिले दोन दिवस मी इंग्रजी कागदांतच बुडाले, कारण ते वाचता येत होते. तिथे मला समजलं की नाव शोधायचं म्हटलं तरी कुठल्या रूपात शोधायचं हाच प्रश्न आहे. 'सरफोजी' तिथे चार प्रकारांनी भेटतात; त्यातला 'शरभोजी' हा अवतार तर तमिळ लोकांनी आजही जपलाय. तंजावरच्या राणी कामाक्षीबाई साहेबांचं 'कामाची बोये साहबा' झालेलं. राणीची ही गत, तिथे छत्रातल्या कारकुनाला कोण विचारतो? आणि मी तर आडनावाशिवाय आलेले. पसारा पुढ्यात, यादी नाही.

पण त्या दोन दिवसांत तंजावरचा शेवट कसा झाला हे मात्र नीट कळलं. शाळेत ते एका ओळीत उरकलं होतं.

१७८७ मध्ये तुळजाराजे वारले. त्यांनी मरण्याआधी दत्तक घेतलेला मुलगा म्हणजे सरफोजी, वय वर्षं नऊ. गादीवर बसले त्याचे चुलते अमरसिंह. मुलाच्या जिवाला धोका म्हणून १७९३ मध्ये कंपनीनं त्याला आणि राण्यांना मद्रासला हलवलं. तिथे वेपेरीच्या मिशनमधले गेरिके पाद्री त्याला शिकवत. वेपेरी म्हणजे एग्मोरच्या पाठीला पाठ लावून असलेली वस्ती. स्टेशनवरून पायी जाता येईल इतकी जवळ. पुढे ज्यानं सरस्वती महालात देशोदेशीची पुस्तकं जमवली, त्या राजाला पुस्तकांचं वेड लागायचं वय या भागात गेलं. १७९८ मध्ये तो गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी कंपनीनं करार पुढे केला: राज्यकारभार आमचा, तुम्हाला तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा.

राज्य गेलेल्या राजानं मग काय करावं? या राजानं छत्रं सांभाळली. रामेश्वराच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी बांधलेली ही अन्नछत्रं त्याच्या पूर्वजांपासून चालत आलेली. ओरत्तनाडचं मुक्तांबाळ छत्र त्याच्या काळातलं, १८०२ च्या सुमाराचं. १८०१ मध्ये त्यानं कंपनीचा रेसिडेंट टोरिन याला छत्रांविषयी लांबलचक पत्र लिहिलं आहे. येईल त्या जातीच्या वाटसरूला जेवण, आजाऱ्याला वैद्य आणि औषध, तान्ह्या पोराला दूध, वाटेत कुणी मेलं तर त्याचे अंत्यसंस्कार, असा तो सगळा व्याप. एवढं चालवायचं म्हणजे भात मोजणारा, भांडी सांभाळणारा, हिशेब लिहिणारा माणूस हवाच. आमचे कुणीतरी तिथे होते.

सरफोजींच्या मुलाला, शिवाजीराजांना, मुलगा झाला नाही. २९ ऑक्टोबर १८५५ रोजी ते गेले. कंपनीनं वारस नाही म्हणून गादी खालसा केली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात फोर्ब्स नावाचा कमिशनर सैन्य घेऊन वाड्यात आला आणि दालनादालनांना कुलपं, लाखेच्या मोहरा पडल्या. राज्याबरोबर राजाची खासगी मालमत्ताही गेली. थोरल्या राणी कामाक्षीबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीवर दावा लावला. बाजू लढवली जॉन ब्रूस नॉर्टन या इंग्रज वकिलानं, आणि मद्रासमध्ये राणी जिंकल्या. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो निकाल फिरवला. हे राज्यसत्तेचं कृत्य आहे, कोर्टानं त्यात पडायचं कारण नाही, असा तो न्याय. सरकारी कृत्यांवर दाद मागण्याच्या खटल्यांत हा निकाल वकील अजून उद्धृत करतात. पुढे १८६२ मध्ये सरकारलाच लाज वाटून खासगी मालमत्ता घराण्याला परत द्यायचं ठरलं. तोवर बरंच काही विखुरलं होतं.

शस्त्रागाराचं काय झालं ते बघायला दूर जावं लागत नाही. दप्तरखान्यातून निघून पँथिऑन रोडवरच्या सरकारी संग्रहालयात गेलं की तंजावरच्या कट्यारी, अंकुश, तलवारी काचेमागे दिसतात. कट्यारीच्या मुठीवर नागाच्या फण्यासारखं पोलादी कवच, आणि कित्येकींचं पातं थेट युरोपातून आलेलं. १८६० नंतरच्या काही वर्षांत निवडक हत्यारं या संग्रहालयासाठी बाजूला काढली, बाकीची मोडून भंगारात घातली. मराठीत आपण याला 'मोडीत काढणं' म्हणतो. काचेसमोर उभी असताना तो शब्द मला पहिल्यांदा बोचला. तलवारी मोडीत निघाल्या. आणि कागद मोडीत होते म्हणून आपण तेही मोडीत काढले.

तिसऱ्या दिवशी मी मराठी दप्तर मागितलं.

दप्तरावरच्या सुतळीच्या गाठी सोडताना हात थरथरत होते म्हणावं असं काही घडलं नाही. आधी शिंका आल्या. मग पहिला कागद उघडला आणि तासाभरात मी दोन ओळी वाचल्या. 'भात ४० कलम' असा मजकूर. कलम म्हणजे लेखणी, कलम म्हणजे कायद्यातली तरतूद, कलम म्हणजे आंब्याचं. भाताची कलमं कुणी कशाला करील? अर्धा तास झटापट झाल्यावर शेजारी पोथी वाचत बसलेल्या एका तमिळ प्राध्यापकांनी माझं तोंड पाहून विचारलं, आणि मी शब्द उच्चारताच ते हसले. 'कलम्' हे तमिळ माप, बारा मरक्काल म्हणजे एक कलम. त्या क्षणी आजीचं बोलणं कानात घुमलं. "दोन कलम तांदूळ आला" असं ती सहज म्हणायची. मी पुण्यात शिकलेली मोडी घेऊन तंजावरचा कागद वाचत होते, आणि त्यासाठी मला घरची विसरलेली भाषा हवी होती.

मग कुलूप हळूहळू सैल झालं. जमीन 'वेली'त मोजलेली, नाणी 'चक्र' आणि 'पणम'. वाक्यं मराठी, क्रियापदं मराठी, आणि मधेच तमिळ शब्द अंगणात आलेल्या शेजाऱ्यासारखे मोकळे. साल मात्र अरबी. जुन्या मराठी कागदांत सुहूर सन असतो आणि तो आकड्यात न लिहिता शब्दात लिहितात. 'अर्बा अशर मयातैन व अलफ' म्हणजे चार, दहा, दोनशे आणि हजार, १२१४. त्यात ५९९ मिळवले की १८१३, आणि सन जूनच्या सुमाराला बदलतो म्हणून १८१३-१४. मराठी राजाच्या तमिळ मुलखातल्या हिशेबाला अरबी तारीख. शुद्ध भाषेचा आग्रह धरणाऱ्यांना मी हा कागद दाखवणार आहे.

आठ दिवस मी रोज तिथे गेले. दुपारी स्टेशनसमोरच्या हॉटेलात इडली आणि फिल्टर कॉफी, मग पुन्हा आत. माझ्या पूर्वजाचं नाव मला एकाही कागदात मिळालं नाही. 'छत्र' आलं, 'कोठी' आली, 'कारकून' आले, नाव नाही. पण आठव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी ओळी अडखळत का होईना, पण सलग वाचतेय. त्या वळणाचा 'ल' कसा वाकतो, 'स' कुठे गाठ घेतो, हे डोळ्यांना कळलं होतं.

त्या संध्याकाळी घरी आले तर नात रशियातच होती. पत्राचे तुकडे जुळले होते, पण ती वैतागली होती. "फॉन्ट खराब आहे, काहीतरी वेगळीच अक्षरं आहेत." मी पाहिलं. खेळ करणाऱ्यानं घरचा अभ्यास नीट केला होता. १९१८ मध्ये क्रांतीनंतरच्या सरकारनं रशियन लेखनपद्धत बदलली. काही जुनी अक्षरं वर्णमालेतूनच काढून टाकली. तिथल्या आजच्या मुलांना पणजोबांचं पत्र हातात आलं तर अक्षरं परकी वाटतात. त्यात क्रांतीच्या धामधुमीत जमीनदारांचे वाडे लुटले गेले, कागद जळले, आणि पुढची कित्येक वर्षं आपण कुणाचे वंशज हे न बोलण्यातच शहाणपण होतं. आमच्याकडे क्रांती झाली नाही, कुणी आमचे कागद जाळले नाहीत. छापखान्याला बाळबोध, म्हणजे देवनागरी, सोयीचं पडलं, शाळांनी मोडी सोडून दिली, आणि दोन पिढ्यांत आम्ही हळदकुंकू वाहू लागलो.

मी तिला सांगितलं की एक खराखुरा रशियन मद्रासला येऊन राहिला होता. गेरासिम लेबेदेव नावाचा वादक १७८५ मध्ये इथे उतरला. गाण्यावाजवण्याचे कार्यक्रम करून पोट भरलं, तमिळ शिकायची खटपट केली आणि दोन वर्षांनी कलकत्त्याला गेला. तिथे त्यानं १७९५ मध्ये बंगालीत नाटक उभं केलं. तो मद्रासला होता तेव्हा तंजावरच्या गादीवर तुळजाराजे होते. म्हणजे कुणा रशियन मुलीला आपल्या घराण्याचा धागा मद्रासेत शोधावा लागू शकतो. तसाच आमचा धागा कोपनहेगनला निघतो. तरंगंबाडीच्या डॅनिश लोकांशी तंजावर दरबारचा जो मोडी पत्रव्यवहार झाला, त्यातला काही तिकडच्या संग्रहांत आहे. एलिझाबेथ स्ट्रँडबर्ग या विदुषीनं १९८३ मध्ये तो ग्रंथरूपानं छापला. डेन्मार्कची बाई आमचं मोडी वाचते. तमिळ विद्यापीठानंही १९८९ मध्ये तंजावरच्या मोडी कागदांचा तमिळ अनुवाद तीन खंडांत काढला. म्हणजे ते कागद तमिळमध्ये वाचता येतात, आणि ज्यांच्या भाषेत ते लिहिले त्या आम्हाला ते उघडताना तमिळ प्राध्यापकाची मदत लागते.

आपलं लिहिलेलं पुढे कुणाला वाचता येणार नाही, याची राजांना धास्ती असावी. सरफोजींनी आपल्या घराण्याचा इतिहास बाबूराव चिटणिसांकडून लिहवून घेतला आणि १८०३ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात दगडावर कोरवला, तोही बाळबोधीत. लहानपणी आम्ही त्या भिंतीवर बोट ठेवून अक्षरं लावायचो. भोवती चोळांचे तमिळ शिलालेख, आणि एका कोपऱ्यात अख्खं भोसले कुळ मराठीत. राजाच्या घराण्याला दगड मिळाला. कोठीवरच्या माणसाला कागदच.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी देवघरातला कागद उतरवला. अण्णा चष्मा घेऊन शेजारी बसले. पहिला शब्द 'याद'. मंत्र नव्हता, दानपत्र नव्हतं, सनदही नव्हती. छत्राच्या कोठीतल्या वस्तूंची ती यादी होती. तांब्याचे हंडे इतके, पितळी पराती इतक्या, घंगाळी, समया, उखळं, मुसळं, दूध तापवायची पातेली, पाणी काढायचे पोहरे, शिवाय शिल्लक भात इतके कलम. एका कारकुनानं दुसऱ्याला कोठी सोपवताना केलेली मोजदाद. लॅमिनेशनखाली चार ओळी गेल्या त्या गेल्याच. पण तळाशी, कोठी ताब्यात घेणाऱ्याच्या नावापुढे, आडनाव होतं. पाच पिढ्या आमच्या घरात न उच्चारलेलं. ते इथे लिहीत नाही, कारण आमच्या भावकीत एक काका ते मानायला अजून तयार नाहीत. त्यांच्या मते आपण याहून मोठ्या घराण्यातले.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आजी पातेल्यांची पूजा करत होती की काय?" आणि आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईतो हसलो.

नात उठून आली. तिला मी ओळ न् ओळ वाचून दाखवली. पोहरा म्हणजे काय, घंगाळ म्हणजे काय, तिला ठाऊक नव्हतं, तिनं बोटांवर सगळ्या वस्तू मोजल्या आणि म्हणाली, "यादी तर आहे. मग चित्र कुठे गेलं?"

ओरत्तनाडच्या छत्राची इमारत उभी आहे, पण तिथल्या कोठीतले हंडे आता कुणाच्या घरी आहेत हे कुठल्याही दप्तरात मिळायचं नाही. आमच्या वाट्याला यादी आली, आणि ती दूध तापवायच्या पातेल्यांची आली, याचं मला वाईट वाटत नाही. वाटसरूंच्या तान्ह्या पोरांना दूध मिळत होतं, हे राजाच्या पत्रात लिहिलं होतं. आमच्या कागदावरून कळलं की त्यासाठी पातेली खरोखर होती, आणि ती मोजून ठेवणारा माणूस आमच्या घरचा होता.

वाचकांना सांगणं एवढंच. तुमच्या घरी देवघरात, ट्रंकेत, माळ्यावर मोडीचा कागद असेल तर त्याला हळदकुंकू लावू नका, तेलाच्या हातानं धरू नका, आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. सुती कापडात सपाट ठेवा, एक स्वच्छ फोटो काढा आणि मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. पुण्यामुंबईत मोडीचे वर्ग चालतात. त्यातल्या कुणालाही विचारलंत तरी तो आनंदानं वाचून देईल, कारण नव्यानं शिकणाऱ्याला कागदाचीच भूक असते. मात्र त्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसून जुनी मापं, भांड्यांची नावं, शेतांची नावं लिहून घ्या. माझं अर्धं काम 'कलम' या एका शब्दावर अडलं होतं, आणि तो शब्द सांगू शकणारी आजी जाऊन चाळीस वर्षं झाली होती.